मामा, ४५ ला १.४१४ च का?

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा व्हॉइस मेसेज. पोरगं आयटीआयला फिटर ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मामा, ४५ अंशाच्या ऑफसेटला १.४१४ ने गुणायचं हे पाठ आहे, ६० ला १.१५५, ३० ला २, साडेबावीसला २.६१३, सगळं पाठ आहे, पण तोंडी परीक्षेला का म्हणून विचारलं तर काय सांगू?" मी म्हटलं उद्या सांगतो, आणि मग झोपच येईना. बावीस वर्षं पाईपलाईनमधे गेली, लोट्याला, तळोज्याला, पाताळगंगेला शटडाऊन (प्लांट बंद ठेवून करायची दुरुस्ती) केले, दोन वर्षं सौदीत जुबेलला जाऊन आलो, पण हे "का" मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचे ते "किती". किती कापू, बोल पटकन, ग्राइंडर चालू आहे.

तर हे त्याच्यासाठी लिहितोय, आणखी कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

आधी ज्यांना ऑफसेट म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी. पाईप सरळ चाललाय, मधे बीम आला, किंवा ज्या नोझलला जोडायचं तेच सहाशे एमएम वर आहे, मग पाईप तिरका उचलायचा आणि वर नेऊन परत सरळ करायचा. नव्वदचे दोन एल्बो, म्हणजे वळणाचे तुकडे, लावूनही होतं पण त्यात फ्लो अडखळतो, म्हणून जमेल तिथे ४५ चे दोन. खालच्या लाईनचं सेंटर ते वरच्या लाईनचं सेंटर हे अंतर म्हणजे सेट, या भानगडीत लाईन पुढे जितकी सरकते तो रन, आणि तिरका जातो तो ट्रॅव्हल. काटकोन त्रिकोण झाला की नाही? सेट आणि रन दोन बाजू, ट्रॅव्हल कर्ण. दहावीला पायथागोरस केलाय ना बाबा, तोच हा. ४५ ला सेट आणि रन दोन्ही सारखे, म्हणून कर्ण √२ पट, आणि √२ म्हणजे १.४१४. बाकी कोनांना एकाला त्या कोनाच्या साइनने भागायचं. साइन ३० म्हणजे अर्धा, एक भागिले अर्धा म्हणजे २, म्हणून ३० ला २. रन पाहिजे असेल तर सेटला टॅनने भागायचं, मग ३० ला रन येतो सेटच्या १.७३२ पट आणि ६० ला फक्त ०.५७७ पट, म्हणजे पुढे जागाच नसेल तर ६० आणि ऐसपैस असेल तर ३०. तोंडी परीक्षेला एवढं सांगितलंस तरी सर खूश.

(आता व्हॉट्सॲपवर "आपल्याकडे सगळं आधीच होतं" वाले मेसेज वाचून मला वैताग येतो, पण हे एक मात्र खरं आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात √२ काढायची रीत दिलीय: १ अधिक १/३ अधिक १/१२ वजा १/४०८. कॅल्क्युलेटरवर मारून बघा, १.४१४२१५ येतं, खरं उत्तर १.४१४२१३. दहा मीटरच्या सेटला केसाएवढासुद्धा फरक पडणार नाही. आणि शुल्ब म्हणजे दोरी. दोरी ताणून वेदी आखणारे लोक ते, आम्ही दोरी ताणून पाईप आखतो.)

पण खरं सांगायचं तर मी हे पुस्तकात शिकलो नाही. माझ्या पहिल्या फोरमनला सगळे तात्या म्हणायचे, शिक्षण सातवी. ते १.४१४ वगैरे काही बोलायचेच नाहीत. फॅब्रिकेशन यार्डमधे एक मोठी लोखंडी प्लेट पडलेली असायची, तिच्यावर खडूने लाईन मारायचे, तिला समांतर सहाशेवर दुसरी, गुण्या लावून ४५ ची तिरकी मारायची आणि टेप लावायचा. ८४८. कधी आखायलाही वेळ नसला तर तोंडी करायचे, सहाशे, त्यावर चाळीस टक्के म्हणजे दोनशेचाळीस, त्यावर एक टक्का सहा, आणि "वर दोन ठेव". ८४८. मी कॅल्क्युलेटरवर नंतर मारलं तर ८४८.५ आलं होतं, अर्धा एमएम तर खडूच्या जाडीत जातो.

गुणाकार कुणाचाच चुकत नाही हो. बावीस वर्षांत १.४१४ चा गुणाकार चुकल्यामुळे वाया गेलेला पाईप मी एकही पाहिला नाही. वाया जातात ते त्याच्या पुढच्या वजाबाकीत, आणि त्यात पहिला नंबर माझाच आहे.

तिसरं वर्ष असेल माझं, शटडाऊन, रात्रपाळी, ४ इंची एसएस (स्टेनलेस स्टील) लाईन, सेट सहाशे. म्हणजे ट्रॅव्हल ८४८. पण हा ८४८ सेंटरपासून सेंटरपर्यंत असतो, म्हणजे एल्बोच्या पोटात जिथे दोन सेंटरलाईनी एकमेकींना छेदतात तिथपासून तिथपर्यंत, आणि ती जागा हवेत असते, तिथे टेप टेकवायला काही नसतं. त्यातली दोन्ही टोकांची जागा एल्बोच खातो. ४ इंची ४५ चा एल्बो सेंटर ते तोंड ६४ एमएम. दोन एल्बो म्हणजे १२८. शिवाय दोन वेल्डचे दोन गॅप, एकेक सूत, म्हणजे तीन-तीन एमएम, झाले सहा. ८४८ वजा १२८ वजा ६, बरोबर ७१४ चा पाईप कापायचा. हे मला येत होतं, तोंडपाठ होतं. पण त्या रात्री खालचा एल्बो आधीच्या शिफ्टने लावून ठेवला होता. मी काय केलं, त्या एल्बोच्या तोंडाला टेप लावला आणि वर दोरीने काढलेल्या सेंटरपर्यंत मोजलं. ७८४ आले. मग पाठ असल्याप्रमाणे त्यातून १२८ वजा, सहा वजा, ६५० चा पाईप कापला. बेव्हल मारला (वेल्डसाठी कडा तिरकी केली), घासून चकाचक केला, खलाशांनी, म्हणजे वजनं चढवणाऱ्या गड्यांनी, वर चढवला. आणि वर चौसष्ट एमएमची खिडकी.

म्हणजे तोंडापासून मोजलं तेव्हाच एक एल्बो वजा झाला होता, मी तो परत एकदा वजा केला.

तात्या खालून बघत होते, म्हणाले, "काय रे, पाईप धुतलास काय? आटला तो?"

पाईप मोठा राहिला तर परत कापता येतो, शिव्या पडतात आणि दहा मिनिटं जातात. लहान झाला की संपलं. मधे चौसष्टचा तुकडा घालू का विचारलं तर इंजिनियर साहेबांनी नुसतं बघितलं माझ्याकडे, एवढ्याशा जागेत शेजारीशेजारी दोन वेल्ड कोण मान्य करणार. रात्री दोन वाजता स्टोअरकीपरला उठवून नवीन पाईपची चिठ्ठी फाडायला लागली आणि त्यावर कारण या रकान्यात काय लिहिलं ते इथे सांगत नाही. तेव्हापासून एक सवय लावून घेतली, टेप लावायच्या आधी तोंडाने मोठ्याने बोलायचं, "सेंटर ते सेंटर" किंवा "तोंड ते सेंटर" किंवा "तोंड ते तोंड". हेल्पर हसतात. हसू देत. तोंड ते सेंटर असेल तर एकच एल्बो जातो, तोंड ते तोंड असेल तर एल्बो जातच नाही, फक्त गॅप.

आता हे ६४ कुठून येतं. नव्वदचा लाँग रेडियस एल्बो असेल तर सोपं, साईजच्या दीडपट. ४ इंचीला सहा इंच म्हणजे १५२, ६ इंचीला २२९, ८ इंचीला ३०५. हा रेडियस. कुठल्याही कोनाच्या एल्बोचं सेंटर ते तोंड काढायचं असेल तर रेडियसला त्या कोनाच्या अर्ध्याच्या टॅनने गुणायचं. ४५ चं अर्ध साडेबावीस, टॅन ०.४१४, १५२ गुणिले ०.४१४ म्हणजे ६३, चार्टमधे ६४ छापलेलं असतं, तेच धरायचं. ६ इंचीला ९५, ८ इंचीला १२७. पण चार्टवर आंधळा विश्वास नको, हातात आलेला एल्बो प्लेटवर ठेवून एकदा मोजायचा, दोन-तीन एमएम इकडेतिकडे असतातच.

इथे नवीन पोरं एका ठिकाणी हमखास गोंधळतात. ४ इंची पाईप बाहेरून ४ इंच नसतो. बाहेरून तो ११४.३ असतो. ६ इंची १६८.३. १४ इंचापासून पुढे मात्र बाहेरचा व्यास आणि नाव जुळतं, १४ इंची म्हणजे ३५५.६. मग एल्बोचा रेडियस काढताना ११४ ची दीडपट करायची का? नाही. नावाची करायची, चार इंचाची. मी एकाला ११४.३ गुणिले दीड करून १७१ काढताना बघितलंय आणि वर तो मलाच सांगत होता की चार्ट चुकलाय.

आणि मोजमाप. सेट हा सेंटरमधला असतो पण सेंटर दिसतं कुठे, म्हणून सगळे पाईपच्या पाठीवरून पाठीपर्यंत मोजतात. दोन्ही लाईनी ४ इंची असतील तर हरकत नाही, उत्तर तेच येतं. पण खाली ६ इंची आणि वर रिड्यूसर (साईज कमी करणारा तुकडा) लावून ४ इंची झाली असेल तर? दोघांच्या बाहेरच्या व्यासाच्या अर्ध्याअर्ध्यात सत्तावीस एमएमचा फरक आहे, आणि तो सत्तावीस तसाच सेटमधे घुसतो आणि १.४१४ ने गुणून अडतीस होऊन बाहेर पडतो. पाईपरॅकवर तर अजून मजा, तिथे सगळे पाईप बुडाने एका लेव्हलला बसलेले असतात, सेंटर प्रत्येकाचं वेगळं. म्हणून ओळंबा, लेव्हल आणि पाईपचा बाहेरचा व्यास, या तीन गोष्टींवरून सेंटर काढायचं आणि खडूने पाईपवर खूण करून ठेवायची, डोळ्याने नाही. डोळ्याने सेंटर काढणारे फिटर मी पाहिलेत, एक-दोन खरोखर अचूक होते, बाकीच्यांचं नंतर चेन ब्लॉक लावून ओढून जुळवायला लागायचं, आणि तसं ओढलेलं फ्लँज बोल्ट सैल केल्यावर स्प्रिंगसारखं उडतं, ते किती धोक्याचं ते ज्याने पाहिलंय त्याला माहीत.

गॅपबद्दल थोडंसं. वेल्ड थंड होताना ओढतं, एका जॉइंटला साधारण एक-दीड एमएम जातो, म्हणून लांब स्पूलमधे (आधी जोडून ठेवलेल्या पाईपच्या तुकड्यात) भरपूर जॉइंट असतील तर शेवटचा तुकडा मी मोजून ठेवतो पण कापत नाही, आधीचं वेल्डिंग झाल्यावर परत मोजतो आणि मग कापतो. सॉकेट वेल्डला उलटं, पाईप सॉकेटमधे बुडापर्यंत टेकवून दीड एमएम मागे घ्यायचा, नाहीतर गरम झाल्यावर वाढायला जागा नाही मिळाली की वेल्डला तडा. घरातल्या सीपीव्हीसीला हे काही लागत नाही, प्लंबर नळकांडं धरून पेनने खूण करतो आणि कापतो, चुकलं तर एक कपलिंग.

कॅल्क्युलेटरचीही एक गंमत. प्लांटच्या आत मोबाईल नेता येत नाही, गेटवरच जमा, त्यामुळे माझ्या हेल्मेटच्या आतल्या बाजूला मार्करने सगळे आकडे लिहिलेले असतात, घामाने पुसट झाले की परत लिहायचे. पण यार्डमधे मोबाईल चालतो आणि तिथे एका पोराने एक भागिले साइन ४५ करून मला १.१७५ काढून दाखवलं. सहाशेचा ट्रॅव्हल ७०५. मोबाईल अंशांवर नाही, रेडियनवर होता. ते पोरगं ठामपणे म्हणतंय सर मशीन सांगतंय ना! तेव्हा त्याला विचारलं, सेट सहाशे, रन सहाशे, तू एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरका चाललास तर शंभरच पावलं जास्त पडतील होय रे? मग त्याने स्वतःच खडू उचलला.

आता जरा अवघड. रोलिंग ऑफसेट. लाईन वरही जायची आहे आणि बाजूलाही. इथे निम्मे फिटर थांबतात आणि दोन वेगवेगळे ऑफसेट करतात, चार एल्बो, आठ वेल्ड. गरज नसते. चपलेचा खोका डोळ्यासमोर आण. वर ४०० जायचंय, बाजूला ३००. खोक्याच्या समोरच्या भिंतीवर ही झाली उंची आणि ही रुंदी, तर त्या भिंतीचा तिरका कर्ण किती? तीन-चार-पाच, गवंडी गुण्या तपासायला वापरतो तेच, म्हणजे ५००. हा ५०० तुझा खरा सेट. इथून पुढे सगळं नेहमीचंच, ५०० गुणिले १.४१४ म्हणजे ७०७, वजा १२८, वजा ६, पाईप ५७३ चा. रन ५००.

लांबी निघाली, पण एल्बो फिरवायचा किती? इथेच सगळे अंदाजाने करतात आणि टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) तोडत बसतात. ३०० भागिले ४००, त्याचा उलटा टॅन, साधारण ३७ अंश. एल्बो सरळ वर न बघता ३७ अंश बाजूला झुकलेला पाहिजे. आता ३७ अंश पाईपवर कुठे खूण करायची? ४ इंची पाईपचा घेर ३५९ एमएम. आणि वर्तुळात अंश ३६०. म्हणजे ४ इंची पाईपवर एक अंश म्हणजे एक एमएम! मला हे जेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी जुबेलच्या उन्हात एकटाच हसत होतो. पाईपच्या डोक्यावरच्या सेंटरपासून पाठीवरून टेप गुंडाळून ३७ एमएमवर खूण, एल्बोच्या पोटाचं, म्हणजे आतल्या वळणाचं, सेंटर त्या खुणेला जुळवायचं, टॅक. संपलं. ६ इंचीला एका अंशाला जवळपास दीड एमएम, २ इंचीला अर्ध्याच्या आसपास, पण ४ इंचीचं हे जमणं म्हणजे देवाची कृपा.

अजून एक, रोलिंगचा तुकडा जागेवर लटकवून जुळवू नका. प्लेटवर आडवा टाका, दोन्ही एल्बो आणि मधला पाईप एका सपाटीत फिट करा, दोन्ही तोंडं समांतर आलीत ना ते गुण्याने बघा, टॅक मारा, आणि मग अख्खा तुकडा ३७ ने फिरवून लाईनला लावा. दोन्ही एल्बो एकाच पातळीत असतात, वाकडं दिसतं ते फक्त आपण बाजूने बघतो म्हणून.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं, अर्धा तास, मधे त्याची आई म्हणजे माझी ताई "जेवलास का रे तू" विचारून गेली. मग म्हटलं आता एक गणित देतो, उद्यापर्यंत करून पाठव. ४ इंची लाईन, ४५ चे दोन एल्बो, सेट फक्त ८०.

अर्ध्या तासात मेसेज. "मामा उत्तर उणे २१ येतंय. असला पाईप कुठे मिळतो?"

जाम हसलो. पण गणित बरोबर केलं होतं पठ्ठ्याने. ८० चा ट्रॅव्हल ११३, आणि दोन एल्बोच १२८ खातायत, पाईपला जागाच नाही. मधे पाईप न घालता एल्बोला एल्बो जोडला तरी दोन एल्बो आणि एक गॅप मिळून १३१, म्हणजे ४ इंचीला ४५ ने सेट ९३ च्या खाली जाऊच शकत नाही. असं प्रत्यक्षात खूप वेळा होतं, ड्रॉइंगवर लाईन नीट दिसते आणि जागेवर फाउंडेशन थोडं सरकलेलं असतं. म्हटलं ३० ने करून बघ.

दहा मिनिटांनी, "ट्रॅव्हल १६०, एल्बो ४१ चे दोन, गॅप सहा, ७२ आला. पण मामा ३० चा एल्बो आमच्या वर्कशॉपमधे नाहीये."

कुठल्याच स्टोअरमधे नसतो, ९० चा कापायचा. ४ इंची नव्वदच्या एल्बोला पाठीवर, म्हणजे बाहेरच्या वळणावर, एका अंशाला ३.६६ एमएम आणि पोटात १.६६. तीस अंशाला पाठीवर ११०, पोटात ५०, बाजूंना मधोमध ८०, या खुणा करून पट्टीने जोडायच्या आणि कापायचं. कागदावर एका एल्बोत तीन निघतात, प्रत्यक्षात कटिंग आणि बेव्हलमधे माल जातो म्हणून दोनच धरायचे. कापलेलं तोंड बऱ्याचदा थोडं अंडाकृती निघतं, ते पाईपला लावताना हातोडीने आणि शिव्यांनी जुळवायला लागतं.

आज सकाळी फोटो आलाय. खुणा बरोबर आहेत, पण पाठीवर ५० आणि पोटात ११० लिहिलंय.